बुंध्यावरची कुंडी

सुतारदरा, कोथरूड
रविवार, ११ जानेवारी

प्रिय आमू,

सप्रेम जयभीम.

तीन आठवडे झाले, तू माझा फोन उचलत नाहीस. पहिल्या आठवड्यात मी रोज दोनदा लावला, दुसऱ्यात एकदा, आणि मागच्या रविवारी सकाळी साडेसातला चेतनरावांना लावला. ते म्हणाले, "आई, आम्रपाली मीटिंगमध्ये आहे." रविवारी, सकाळी साडेसातला. जावई खोटं बोलायला अजून शिकले नाहीत, हे ऐकून बरंच वाटलं. म्हणून शेवटी हे पत्र. काल पोस्टात पाकीट आणायला गेले तर खिडकीतल्या माणसानं विचारलं, "कुठं, परदेशी?" म्हटलं, खराडी. तो म्हणाला, "म्हणजे तेच." तर हे पत्र परदेशी येतं आहे असं समज, आणि मधेच न टाकता शेवटपर्यंत वाच. तुला सगळं तुकड्यातुकड्यांत कळलं आहे. थोडं त्या सोसायटीच्या चेअरमनकडून, थोडं त्या व्हिडिओतून, आणि थोडं माझ्याकडून, तेही तू रागात असताना. एकदा सुरुवातीपासून माझ्या तोंडून ऐक. तुला माहीत असलेलंही सांगणार आहे, कारण ते तू माझ्या बाजूनं कधी पाहिलेलं नाहीस.

महापालिकेच्या उद्यान विभागात चोवीस वर्षं बिगारी म्हणून पाणी घातलं, पालापाचोळा लोटला, आणि चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. तुझे बाबा त्याआधीच गेले होते. तू मला हौसेनं खराडीला नेलंस. अकराव्या मजल्यावर मी पाच आठवडे राहिले. तुमचं घर वाईट नाही. पण खिडकीतून खाली झाडांचे नुसते शेंडे दिसायचे, आणि मला सगळा जन्म झाड बुंध्याकडून बघायची सवय. मी परत आले त्या आठवड्यात आपल्या उताराखालच्या गल्लीत एक सुबाभूळ आडवी झाली होती. आठ दिवस ती रस्त्यात पडून होती, लोक गाड्या वळवून नेत होते आणि महापालिकेला शिव्या घालत होते. शिव्या घालणाऱ्यांपैकी एकाच्याही हातात कोयता नव्हता. माझ्या घरात होता. दोन दिवसांत मी गल्ली मोकळी केली आणि सगळं लाकूड शेजारच्या चंपाच्या पत्र्याच्या शेडमध्ये रचून दिलं.

चंपा तुला आठवते ना, ती यवतमाळकडची. नवरा गेल्यावर दोन पोरी घेऊन पुण्यात आली आणि चुलीवर भाकऱ्या थापून हॉटेलांना पुरवते. "चुलीवरची भाकरी" अशी पाटी लावली की हल्ली लोक एसी गाडीतून उतरून रांग लावतात. चुलीला लाकूड लागतं हे मात्र कुणाच्या डोक्यात येत नाही. वखारी बंद होऊन तिथं टॉवर उभे राहिले, सरपण मिळेनासं झालं. त्या दिवशी लाकडाची ती रास बघून चंपा म्हणाली, "काऊन व ताई, एवढं फुकट भेटते काय पुण्यात?" म्हटलं, पुण्यात फुकट सल्ला मिळतो हे माहीत होतं, लाकूड मिळतं हे आजच कळलं.

तिथून ते सुरू झालं. निवृत्तीच्या वेळी खात्यानं शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं. ते घड्याळ घेऊन सर्जेराव वेल्डरनं त्याच्या बदल्यात मला हातगाडी करून दिली. जुन्या लुनाची दोन चाकं, मोडक्या पलंगाच्या पट्ट्या आणि धरायला वाकवलेला पाइप. सुतारदऱ्याच्या चढावर भरलेली गाडी ओढायची म्हणजे दहा पावलं चालायचं, चाकामागे दगड लावायचा, श्वास घ्यायचा, पुन्हा दहा पावलं. मग जुन्या बाजारात एका बुधवारी पेट्रोलवरची चेन सॉ दिसली, चौदा इंची पात्याची. विकणारा पोरगा म्हणाला, "मावशी, हा मिक्सर नाहीये." म्हटलं, मिक्सर घरी आहे, तू हे चालू करून दाखव. साखळीला धार लावायला कानस, लाकूड फाडायला घण आणि दोन लोखंडी पाचरी, अंगात तुझ्या बाबांचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायात त्यांचे गमबूट आणि डोक्यावर चेतनरावांचं जुनं हेल्मेट. आख्ख्या कोथरूडात नियमानं हेल्मेट घालणारी मी एकटी, तेही गाडी नसताना.

माझा नियम मी पहिल्या दिवसापासून पाळला. उभ्या झाडाला हात लावायचा नाही. वाळलेलं असलं तरी नाही. जमिनीवर पडलेलं, आणि ज्याच्या दारात पडलं त्यानं घेऊन जा म्हटलेलं, तेवढंच उचलायचं. पिंपळाची फांदी दिसली तर हात जोडून पुढे जायचं. बोधिवृक्ष काही मी चुलीत घालणार नाही. सोसायट्यांना छाटलेल्या फांद्या उचलायला टेम्पो बोलवावा लागतो, तो वाचायचा, म्हणून वॉचमन मला आपणहून फोन करायचे. कडुनिंब, सुबाभूळ, शिरीष, गुलमोहर. गुलमोहर जळतो भर्रकन आणि आच काही देत नाही, अगदी काही माणसांसारखा. चंपाची चूल चालली, वस्तीतल्या चार म्हाताऱ्यांच्या अंघोळीचं पाणी तापलं, आणि मला रात्री गोळी न घेता झोप लागायला लागली. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. बाबा गेल्यापासून मी झोपेची गोळी घेत होते.

आता त्या कडुनिंबाचं. अकरा नोव्हेंबरला सकाळी दशरथचा फोन आला. मोठ्या रस्त्याच्या मागच्या एका सात मजली सोसायटीचा तो वॉचमन. सोसायटीचं नाव मी मुद्दामच लिहीत नाही. तो म्हणाला, "ताई, कडुनिंब पाडलाय, न्यायला या." आमू, तो पडलाय म्हणाला की पाडलाय, हे मला नीट ऐकू आलं नाही, असं मी स्वतःला सांगितलं. ऐकू आलं होतं. तिथं गेले तर झाड आडवं पडलेलं, पानं हिरवीगार, बुंधा ओला आणि भला रुंद. न पोखरलेला, न वाळलेला. चोवीस वर्षं झाडांत काढलेल्या बाईला निरोगी झाड कळत नाही, असं कोण म्हणेल? चेअरमन संजयराव खाली उभे होते. अगदी सभ्यपणे म्हणाले, "दुपारपर्यंत जागा मोकळी करा, तिथे चार्जिंग पॉइंट बसवायचे आहेत." विजेवरच्या गाड्या येणार होत्या, पर्यावरणासाठी. मी त्यांना परवानगीचा कागद विचारायला हवा होता. नाही विचारला. एवढं लाकूड एकाच जागी मला चार वर्षांत मिळालं नव्हतं, त्याचा मोह पडला. माझं चुकलं ते एवढंच, आणि ते मी इथं स्वतःच्या हातानं लिहीत आहे. दिवसभरात चार खेपा केल्या.

त्याच सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर मुक्ताई म्हणून एक ऐंशीच्या पुढच्या आजी राहतात. त्या आठवडाभर बहिणीकडे गेल्या होत्या. परत येऊन गॅलरीचं दार उघडलं तर झाडाच्या जागी नुसतं आभाळ. त्यांनी त्याच दिवशी महापालिकेत तक्रार केली. चौकशीत निघालं की सोसायटीनं परवानगी घेतली होती ती फक्त फांद्या छाटायची. मग सोसायटीनं लेखी उत्तर दिलं की आम्ही फांद्याच छाटल्या होत्या, लाकूड न्यायला आलेल्या बाईनं विनापरवाना झाड तोडलं. सोबत पुरावा म्हणून बारा सेकंदांचा व्हिडिओ. हेल्मेट घातलेली मी, हातात मशीन, भुसा उडतो आहे. आडवं पडलेलं झाड त्यात दिसत नाही, कारण चित्रण करणाऱ्यानं मोबाइल तेवढाच वर धरला होता. आठ दिवसांनी खात्याची माणसं वस्तीत आली आणि सगळ्यांदेखत माझी मशीन आणि गाडी उचलून घेऊन गेली. त्यातल्या एकाला मी खुरपं धरायला शिकवलं होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही.

तू आलीस ती सात डिसेंबरला. सहा तारखेला माझ्याबरोबर विहारात यायचं तुला जमलं नव्हतं, म्हणून दुसऱ्या दिवशी. आलीस ती चप्पल न काढताच बोलायला लागलीस. "आई, तुझ्या आजोबांनी छप्पन साली कुऱ्हाड टाकली. पाटलाची लाकडं फोडणार नाही म्हणाले. आणि तू तीच कुऱ्हाड खांद्यावर घेऊन कोथरूडच्या रस्त्यानं फिरतेस. लोक काय म्हणतात माहितीये? यांचं अजून तेच चाललंय, असं म्हणतात." मग तू खाली बसलीस आणि बारीक आवाजात सांगितलंस की तो व्हिडिओ तुमच्या कार्यालयातही आला होता. एक सहकारी तो सगळ्यांना दाखवत होता, बघा ही बाई. ती तुझी आई आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. सगळे हसले आणि तूही हसलीस. आमू, त्याचा मला राग नाही. नव्या नोकरीत, अजून कायमही न झालेल्या माणसानं अशा वेळी काय करायचं असतं? मी असते तर कदाचित मीही हसले असते. घरी येऊन रडले असते.

पण आजोबांबद्दल तू जे बोललीस त्याचं उत्तर मी त्या दिवशी दिलं नाही, ते आज देते. माझी आजी मला सांगायची. गावात पाटलाच्या वाड्यामागे उन्हं डोक्यावर येईपर्यंत दोघांनी लाकडं फोडायची आणि मग वरून पदरात शिळी भाकरी टाकली जायची. टाकली जायची, दिली जायची नाही. दीक्षा घेऊन आल्यावर आजोबांनी वाड्यावर जाणं बंद केलं, हे खरं. पण कुऱ्हाड त्यांनी टाकली नव्हती. ती त्यांनी घरी आणली. दुसऱ्या दिवशी ओढ्याकाठची पडलेली बाभूळ त्यांनी त्याच कुऱ्हाडीनं फोडली, आणि आजीनं त्या जाळावर स्वतःच्या पिठाची भाकरी केली. आजोबांनी पाटलाचं लाकूड सोडलं, लाकूड फोडणं नाही सोडलं. मान खाली घालून करायचं काम सोडा, एवढंच आपल्याला सांगितलं गेलं असं मी समजते. मी मान वर करून गाडी ओढते. चढावर मान वर ठेवून ओढून बघ एकदा, म्हणजे कळेल.

त्या दिवशी जाताना तू म्हणालीस, "मी बघते काय करायचं ते. तू आता काही बोलू नकोस." मी बोलले नाही. मशीन नव्हती तोवर कुऱ्हाडीनं जमेल तेवढं केलं. चंपानं तर चार दिवस गुपचूप गॅसवर भाकऱ्या भाजल्या. हॉटेलात गिऱ्हाइकं म्हणाली, वा, काय धुराचा वास! ती मला हसत हसत सांगत होती. मला मात्र जरा वाईटच वाटलं.

एकोणीस डिसेंबरला फोन आला. प्रकरण मिटलं, सामान घेऊन जा. मला वाटलं, कुणीतरी जाऊन बुंधा नीट पाहिला असणार. चंपाला म्हटलं, बघ, खरं असलं की वेळ लागतो पण होतं. वस्तीभर सांगत सुटले. कार्यालयात गेले तर तिथला कारकून फाईल पुढे सरकवून म्हणाला, "मावशी, सामान मिळालं म्हणून इथं अंगठा लावा." मी म्हटलं, अंगठा कशाला, सही करते. तो म्हणाला, "मागच्या वेळी अंगठाच आहे की." आणि त्यानं पान उलटलं. टाइप केलेला माफीनामा होता, माझ्या नावाचा. मी सत्यशीला रणपिसे, मी निरक्षर असून मला कायद्याचं ज्ञान नाही, माझ्या हातून अनवधानानं झाड तोडलं गेलं, पुन्हा असं करणार नाही, कृपावंत होऊन माफ करावं. खाली "निशाणी डावा अंगठा" आणि निळा ठसा. मी ते पूर्ण वाचलं. मग दुसऱ्यांदा वाचलं. कारकून म्हणाला, "वाचता येतं होय?" मी त्याच्या रजिस्टरमध्ये माझं पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट, आणि तो एकदा त्या सहीकडे बघायला लागला, एकदा ठशाकडे.

बाहेर येऊन तुला फोन केला. तू एवढंच म्हणालीस, "आई, मिटलं ना? मग आता उकरू नकोस," आणि ठेवलास. तो शेवटचा.

मी उकरलं. सोमवारी फुलस्केप कागदावर अर्ज लिहिला की हा माफीनामा मी दिलेला नाही, मी झाड तोडलेलं नाही, आणि बुंधा जागेवर आहे तोवर तो कुणीतरी येऊन पाहावा. आवक खिडकीतला माणूस अर्ज घेईना. मिटलेलं प्रकरण पुन्हा कशाला, म्हणाला. मी समोरच्या बाकावर बसून राहिले. पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही, हे मला त्याच खात्यानं शिकवलं आहे. जेवणाची सुट्टी संपल्यावर त्यानं शिक्का मारला.

परवाच्या गुरुवारी सकाळी दहाला पाहणी झाली. उद्यान निरीक्षक म्हणून दीपमाला मॅडम आल्या, तुझ्याच वयाच्या असतील. आधीच्या माणसानं जागेवर न जाताच प्रकरण बंद केलं होतं, हे त्यांनी वाटेतच सांगितलं. मी गाडीवर मशीन आणली होती आणि त्याच कडुनिंबाचा एक जाडजूड ओंडका. तो माझ्या पाचरींनीही फुटला नव्हता म्हणून चंपा त्याच्यावर बसून भाकऱ्या थापायची. सोसायटीत पोचलो तर बुंध्यावर ही मोठी कुंडी. तीत मनीप्लांट, आणि भोवती पांढरे गोटे मांडलेले. संजयराव म्हणाले, "आम्ही तिथे सुशोभीकरण केलंय." मॅडम म्हणाल्या, "छान आहे. हलवा." कुणी पुढे येईना. मग मी आणि दशरथनं ती कुंडी उचलून बाजूला ठेवली.

मी म्हटलं, मॅडम, माझं पातं चौदा इंची आहे, तुमच्याच ताब्यात होतं, बुंधा मोजून घ्या. त्यांनी टेप लावली. सव्वीस इंच. संजयराव लगेच म्हणाले, "मग दोन्ही बाजूंनी कापलं असेल बाईनं." मी म्हटलं, बरोबर, तसंच कापावं लागतं, दाखवते. ओंडका खाली आडवा ठेवला, दोन्हीकडून दगड लावले, हेल्मेट घातलं आणि दोरी ओढली. चालू झाली नाही. पुन्हा ओढली, नाही. वरच्या गॅलऱ्यांत लोक मोबाइल धरून उभे होते, त्यांच्यातलं कुणीतरी हसलं. मला वाटलं, आता हीसुद्धा माझ्या विरोधात साक्ष देणार. तिसऱ्यांदा ओढली तेव्हा अशी गरजली की संजयराव दोन पावलं मागं सरले. एका बाजूनं पातं घातलं, ते मध्याच्या पुढे थोडं जाऊन थांबलं. मग वळून दुसऱ्या बाजूनं. कडू भुशाचा वास सगळ्या पार्किंगमध्ये पसरला. चकती सुटून पडली तेव्हा मी मॅडमना म्हटलं, आता हात फिरवा. दोन काप जिथं भेटतात तिथं बोटभर उंचीची पायरी राहिली होती. कितीही जपून कापा, छोट्या पात्यानं दोन्हीकडून कापलं की थोडी तरी पायरी राहतेच. मग त्यांनी त्या बुंध्यावर हात फिरवला. या काठापासून त्या काठापर्यंत सपाट. पायरी नाही. लांब पात्याची मोठी मशीन एकदाच फिरली होती.

मॅडमनी विचारलं, फांद्या छाटायचं काम कुठल्या ठेकेदाराला दिलं होतं? संजयराव म्हणाले, "बघून सांगतो." तेवढ्यात मागून आवाज आला, "बघायचं काय त्यात? नोटीस बोर्डावर लावलंय, फोन नंबरासकट." मुक्ताई आजी लिफ्टनं खाली येऊन प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. मॅडमनी बोर्डाचा फोटो काढला. मग संजयराव माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "ताई, आपण आत ऑफिसात बसून बोलू या का?" दोन महिन्यांत पहिल्यांदा मी 'बाई'ची 'ताई' झाले. म्हटलं, इथंच बरं आहे, उजेड आहे.

पंचनामा झाला. प्रत्येक ओळ वाचून मी सही केली. सोसायटीला आणि ठेकेदाराला नोटीस निघेल, पुढे काय व्हायचं ते होईल. दशरथ शेवटपर्यंत एक शब्द बोलला नाही. त्यानंच मला फोन केला होता हे त्यानं सांगितलं असतं तर माझं काम सोपं झालं असतं. पण त्याला त्याच फाटकावर उभं राहायचं आहे. जाताना त्यानं ओंडका मात्र एकट्यानं उचलून माझ्या गाडीवर ठेवला. मी त्याच्यावर रागावले नाही. भिणाऱ्या माणसांवर मी आयुष्यात फार कमी वेळा रागावले आहे.

आता मी हे पत्र ज्यासाठी लिहायला बसले ते. फाटकाबाहेर मॅडमनी फाईल उघडून मला विचारलं, "हा अंगठा तुमचा नाही, हे तर आता दिसतंच आहे. मग त्याखाली 'माझ्या समक्ष' म्हणून सही केलेल्या आम्रपाली कोण?" तुझी सही मी कारकुनाच्या टेबलावरच ओळखली होती. पाटीवर "आ" गिरवताना तुझा हात धरला होता मी. ते वळण मला कळणार नाही? संजयराव तो कागद टाइप करून खराडीला घेऊन आले असतील, एक अंगठा आणून द्या, विषय संपला, म्हणाले असतील. मी अंगठा देणार नाही हे तुला माहीत होतं. तो ठसा तुझा की आणखी कुणाचा, ते मी विचारत नाही. तू पोटात असताना मी रात्रशाळेत सातवीची परीक्षा दिली, आणि माझी शिकलेली, अधिकारी झालेली लेक सरकारी कागदावर मला अंगठेबहाद्दर करून आली, हे मात्र तुला एकदा सांगितल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरत नाही. मॅडमना मी खरं सांगितलं. आम्रपाली माझी मुलगी, आणि माझ्यासमोर असा कुठलाही अंगठा उमटलेला नाही. मी खोटं बोलू शकले असते. हो, माझाच आहे, शाई लावली होती, विसरले, असं म्हणून तुला वाचवलं असतं आणि चोरटी लाकूडवाली म्हणून मेले असते. नाही बोलले, आणि त्याबद्दल मी तुझी माफी मागत नाही. उद्या सोमवारी तुझ्या नावाचं पत्र निघेल; खुलासा द्यायला बावीस तारखेला, सकाळी साडेदहाला बोलावलं आहे. ते तुझ्या हातात पडण्याआधी तुझं नाव कुणी दिलं हे तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे लिहिलं. त्या दिवशी दहा वाजल्यापासून मी त्या कार्यालयाच्या पायऱ्यांवर असेन. आलीस तर दोघी बरोबर आत जाऊ, आणि तू बोलताना मी शेजारच्या खुर्चीवर बसेन. नाही आलीस तर मी एकटी जाईन. माझ्या लेकीनं भीतीपोटी केलं, एवढं मी तुझ्या बाजूनं सांगेन. केलंच नाही, असं सांगणार नाही.

काहीही झालं तरी तुझीच,
आई